देव्हाऱ्यातला पॉलिशपेपर

गीतांजली : आई, फ्रिजमधलं कार्ड कुठेय? दह्याच्या भांड्यामागे ठेवलं होतं मी.

राजाबाई : कसलं कार्ड? तिथं तर पॉलिशपेपर हुता.

गीतांजली : होता म्हणजे?

राजाबाई : आगं, परवा सावंत सेक्रेटरी आलं. देव्हारा घासायचाय, खरखरीत कागद हाय का म्हनलं. दिला म्या.

गीतांजली : आई! त्यावर गांधीलमाशांची अंडी चिकटवलेली होती!

राजाबाई : आगं बया! दह्यामागं?

गीतांजली : चावणाऱ्या नाहीत हो. लवकर फुटू नयेत म्हणून थंडीत ठेवली होती अंडी. डोळ्यांना धड दिसतही नाहीत, एवढ्या बारीक. टेरेसवरच्या आपल्या वांग्यांत अळी पडलीय ना? त्या अळीच्या अंड्यात या माशा स्वतःची अंडी घालतात. मग अळी जन्मतच नाही.

राजाबाई : दुसऱ्याच्या घरात आपली पोरं? पोटभाडेकरू चालनार न्हाईत म्हनून सावंतांनीच नोटीस लावलीया की.

गीतांजली : मस्करी नको. सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडून, फवारणीआधी या माशा सोडून बघायचा एक चान्स मिळवला होता मी. आता उद्या तुर्भ्याचा फवारणीवाला येणार. अळी वांग्याच्या आत मजेत बसते, औषध राहतं बाहेर. मरतात कोण? कोळी, मधमाशा. मग म्हणतील, बाग उपयोगाची नाही, बंद करा. रडू येतंय मला.

राजाबाई : माझ्या साताऱ्याच्या बियाची वांगी हायती ती! सावंतांच्या बायकूनं, स्मितानं, डबा भरभरून न्हेलीत. येऊ दे त्यास्नी.

(बेल वाजते.)

सावंत : अहो वहिनी, कसला हा पॉलिशपेपर? कोपरा घासून बघितला, लाकडाला काही होईना. ठेवला देव्हाऱ्यातच. आज सकाळी बघतो तर गणपतीच्या सोंडेवर धूळ. पुसायला गेलो, तर धूळ चालायला लागली!

गीतांजली : जिवंत आहेत? काका, कुठेयत?

सावंत : ही काय बरणी. स्मिताने भरून वर मलमल बांधलीय. निम्मे अजून कागदावरच आहेत. मी म्हटलं, उद्या फवारणीवाला येतोच आहे, आपल्याकडेही मारून जाईल. तर ही हात पसरून देव्हाऱ्यासमोर उभी! म्हणते, संकष्टीला देवाच्या पायाशी जन्मलेत, यांना हात लावायचा नाही.

राजाबाई : बरोबर हाय. बाळंतपण तुमच्या घरी झालं.

सावंत : वहिनी, मी या सोसायटीचा सेक्रेटरी आहे.

राजाबाई : मग आता आजा बी झालासा.

सावंत : हे... खातात काय?

गीतांजली : फुलांतला मध. वर झेंडू आहे ना, त्यासाठीच लावलाय. थोडेच दिवस जगतात, काका. तेवढ्यात अळीची अंडी सापडायला हवीत.

सावंत : थोडेच दिवस?

गीतांजली : उद्या फवारणी झाली, तर तेवढेही नाहीत.

सावंत : पण ठराव मीच मांडलाय. विरोधी पार्टी म्हणेल, सेक्रेटरी फिरला. काय सांगू कमिटीला?

राजाबाई : सांगा, नातवंडं आयकना झालीत.

सावंत : थांबा जरा. हॅलो, कुलदीप? उद्या येऊ नको... हो, अळ्या आहेत रे. पण आमच्या घरची मंडळी वर चाललीयत... अरे, वर म्हणजे टेरेसवर, मेल्या! सगळे ठीक आहेत!

गीतांजली : थँक यू, काका. द्या ती बरणी, मी नेते.

सावंत : नको, मीच नेतो. टेरेसची चावी दे.

राजाबाई : जिना कुठं चढताय? गुडघं दुखत्यात न्हवं तुमचं? लिफ्टनं जावा की.

सावंत : लिफ्ट फार हादरते, वहिनी. लहान आहेत अजून.