मयताचं गाणं

गजेंद्रला ऑपरेशनसाठी आत नेलं, तशी उज्ज्वला जीव मुठीत धरून बाहेरच्या बाकावर बसली. शेजारी दोघी बोलत होत्या.

"आत्या, लोकगीतं जमवणारे सगळे सुरतेत एकत्र येतायत. धुळ्याचे, डांगचे. पुढे मिळून काम करायचंय. तिथे तुम्ही मयताचं गाणं म्हणा."

"मयत नसताना? नही वं माय. ते गाणं रिकामं परतत नाही."

"म्हणजे?"

"नवागामला एकदा सहज गुणगुणले. आठ दिवसांत माझी धाकटी जाऊ वारली."

"योगायोग हो! बरं, दोनच ओळी म्हणा, मोबाईलवर घेते."

"इथे?"

"आपण नुसतं बीपी तपासायला आलोय. इथे आपलं कोण आहे?"

आत्यांनी घसा खाकरला.

उज्ज्वलाने त्यांचा हात घट्ट धरला.

"मावशी, माझं माणूस आत आहे."