मागे कोण बसणार

माझं गाव जत तालुक्यातलं, बाप वडाप चालवायचा, म्हणजे जीप हो, आमच्याकडं एसटी यायची ती देवाच्या मर्जीनं, बाकी सगळा तालुका वडापवर. नऊ सीटची जीप आणि माणसं वीस. बाजाराच्या दिवशी तर फाळक्यावर उभी, टपावर बसलेली, आणि ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला सुद्धा एक जण अर्धा बाहेर, आणि माझा बाप त्याच्या मांडीवरून हात घालून स्टेअरिंग वळवायचा. मी मात्र कायम पुढं, गिअरच्या शेजारी, मालकाची पोरगी म्हणून. माझ्या वर्गातल्या पोरी मागं लटकून यायच्या, फ्रॉक धुळीनं लाल व्हायचे, आणि मला वाटायचं काय भारी गाडी आहे आपली. पुढं बसणाऱ्याला प्रत्येक गाडी भारीच वाटते, हे मला कॅनडात येऊन कळलं, तेच सांगायचंय, तुम्ही लिहून घ्या, माझं नाव बदलू नका, सुरेखाच राहू दे.

तर कॅल्गरीला मी आले शिकायला. कॉलेजचं नाव घेत नाही, सगळी सारखीच, दोन वर्षांचा डिप्लोमा आणि वर्गात निम्मे आपलेच. शिकता शिकता कॉफीच्या दुकानात उभी राहिले, मग डिप्लोमा झाला, वर्क परमिट आलं, आणि आता पीआरसाठी, म्हणजे इथं कायमचं राहायच्या परवान्यासाठी, कुणीतरी फुल टाइम ठेवून घ्यावं, अनुभवाचं पत्र द्यावं म्हणून दारोदार. तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला गिरीशदादा भेटले. पुण्याचे. आधी तेलाच्या कंपनीत इंजिनीअर होते, तिथनं कमी केलं तेव्हा फेन्सचा धंदा काढला, म्हणजे घराभोवतीची लाकडी कुंपणं, शहरात आणि बाहेर डोंगराच्या बाजूला मोठमोठे प्लॉट असतात तिथंही. म्हणाले, आपल्या माणसांनाच घेतो मी, ये तू. तिळगूळ हातात ठेवला आणि नोकरी दिली. केवढं बरं वाटलं मला, काय सांगू तुम्हाला, आईला फोन करून रडले.

आम्ही कामाला तिघं. मी, केतन आणि हरबन्स अंकल. केतन नाशिकचा, चोविशीचा, सारखा काहीतरी बोलून हसवणारा, त्याचंही पीआरचं माझ्यासारखंच अडलेलं. अंकल लुधियानाकडचे, साठीला आलेले, खड्डा खणायला त्यांच्यासारखा माणूस नाही. दादा रोज सकाळी ट्रेनच्या शेवटच्या स्टेशनवरून आम्हाला जुन्या व्हॅनमधून उचलायचे. त्या व्हॅनला चार दारं होती, हीटर बरा होता, आणि प्रत्येकाला एक सीट होती. तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही.

मग उन्हाळा संपता संपता ती व्हॅन मेली, आणि दादांनी आम्हाला घरी मिसळ खायला बोलावलं. म्हणाले, गाडी आपल्या सगळ्यांची आहे, सगळे मिळून ठरवू. टीव्हीवर दोन गाड्या लावल्या. एक ती डोंगरात, चिखलात जाणारी, जीपसारखी, चार दारांची, वरचं छप्पर काढता येतं. सामानासाठी मागं ट्रेलर जोडायचा. दुसरा पिकअप, दोनच दारांचा, पुढं सलग एक सीट आणि मागं हा लांबलचक हौदा. केतन पहिलीवर फिदा झाला. म्हणाला, दादा, छप्पर काढून बॅन्फच्या डोंगरात जाऊ, एक फोटो गावाला पाठवला की माझं लग्न जमतंय. सगळे हसले. मी म्हटलं, दादा, कुठलीही घ्या, पण आपण चार माणसं आहोत आणि या पिकअपला सीट तीन आहेत.

दादा म्हणाले, अगं सीटचं काय घेऊन बसलीस, पॅनल आठ फुटी आहेत, ती कुठं ठेवू, डोक्यावर?

म्हटलं, मग जीपला ट्रेलर जोडा. तर ट्रेलर ड्राइव्हवेवर उभा करायला आमच्या कॉलनीत चालत नाही. बरं, मग चार दारांचा पिकअप घ्या, असतो की. तर तो गॅरेजमध्ये मावत नाही. वहिनी आतून पाव घेऊन आल्या आणि म्हणाल्या, बाहेर उभा केला तर रोज बर्फ कोण काढणार गं त्याच्यावरचा, तू येणार का? म्हणजे बघा, त्यांच्या गॅरेजचं माप घेऊन आमच्या सीटा कापल्या. आणि विचारलं काय, तर सगळे मिळून ठरवू. मग दादांनी केतनला विचारलं, तुला काय वाटतं रे केत्या? केतन म्हणाला, तुम्ही म्हणाल ते, दादा. अंकल म्हणाले, जो आपको ठीक लगे, जी. झालं मतदान. असंच मतदान असतं आमच्यासारख्यांचं, पत्र ज्याच्या हातात त्याच्या बाजूनं हात वर.

पिकअप आला. पूजा केली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबं, नारळ ड्राइव्हवेवर फोडला, शेजारचा गोरा म्हातारा कुंपणावरून बघत होता. हौद्यावर दादांनी फायबरचं टोपण बसवून घेतलं होतं, दोन्ही बाजूला बारकी काच. आम्हा सगळ्यांचा गाडीसमोर फोटो काढला, मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, आमचं कुटुंब. चाळीस जणांनी हात जोडले. आणि फोटो झाल्यावर पेढा तोंडात असतानाच दादा म्हणाले, चला, केत्या, अंकल, मागं बसा. सुरेखा पुढं ये, लेडीज आहेस.

मधे ब्रूनो. ब्रूनो म्हणजे दादांचा कुत्रा, सोनेरी, गुबगुबीत. वहिनी पुन्हा कामाला लागल्या होत्या, घरी एकटा राहिला की तो सोफा फाडायचा, म्हणून आमच्याबरोबर. त्याच्यासाठी खास बेल्ट आणला होता, छातीवरून दोन पट्टे आणि सीटच्या खाचेत खट्‌कन बसणारा. दादा रोज स्वतः लावायचे, वाकून, प्रेमानं, ब्रेक लागला तर बिचारा पुढं आपटेल म्हणून. आणि मागं हौद्यात, पॅनल, पोस्ट, सिमेंटच्या गोण्या आणि खड्डे पाडायचं मशीन यांच्या मधल्या जागेत वहिनींच्या जुन्या योगा मॅटवर दोन माणसं. इथं कायद्यानं हौद्यात माणूस बसवता येत नाही, हे दादांना माहीत नव्हतं असं नाही. शहरातनं जाताना ते मागची काच ठोकून म्हणायचे, खाली वाका रे.

आता म्हणाल, कुत्र्याला उतरवलं असतं तर झालं असतं. नाही हो. एक जण मागं राहिलाच असता. कुत्र्यावर राग काढून काय होतंय?

केतन मागनं मला व्हॉट्सअ‍ॅप करायचा. मॅडम, एसी जरा कमी करा. मॅडम, ब्रूनोसाहेबांना विचारा खिडकी उघडू का. एकदा लिहिलं, वडाप सुटली, अठरा सीट झाल्याशिवाय हलणार नाही. मी हसले, दादांनी विचारलं काय गं, मी सांगितलं, आणि म्हटलं, दादा, खरंच थंडी वाढलीय, हे बरोबर नाही, काहीतरी करा. तर दादा म्हणतात, तू बोलतेस? तुझे बाबा तर टपावर बसवायचे ना माणसं? कॅनडात आल्यावर फार नाजूक झालात गं तुम्ही.

माझ्या तोंडात शिवी आली होती, गिळली. कारण खरं होतं ना ते. बसवायचाच माझा बाप. पण त्यानं कधी कुणाला कुटुंब म्हणून फोटोला उभं केलं नाही, आणि वडापमधल्या माणसाला कुठंही उतरता येत होतं, त्याचे कागद काही बापाच्या खिशात नव्हते. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मी मागं बसते, अंकलना पुढं घ्या, त्यांचे गुडघे दुखतात. दादा म्हणाले, लोकांनी बघितलं तर काय म्हणतील, मुलगी मागं बसवली? लोकांनी बघायची भीती होतीच, फक्त मुलीपुरती होती.

नोव्हेंबरात व्हायचं ते झालं. शहराबाहेर, खडीचा रस्ता, वरती बर्फाचा काचेसारखा थर. हरीण आडवं आलं. दादांनी ब्रेक दाबला, गाडी फिरली आणि चरात जाऊन तिरपी थांबली. आम्हाला पुढं काही नाही, बेल्टनं धरलं. ब्रूनोलाही धरलं. मागं मात्र जो आवाज झाला, लाकडावर लाकूड आदळल्याचा, आणि मग काहीच नाही, तो मला अजून ऐकू येतो. फाळका उघडला तर पॅनल सगळी पुढं सरकलेली आणि केतनचा उजवा हात मनगटापासून पॅनल आणि पत्र्याच्या मधे. अंकलच्या कपाळातनं रक्त, पण ते केतनला धरून बसलेले, म्हणत होते, बेटा, हिलाना मत, हिलाना मत. केतन, इतका बोलणारा पोरगा, नुसता तोंड उघडं ठेवून बघत होता.

दादा रडले. खोटं कशाला बोलू, मी बघितलं, हातानं पॅनल उचलताना ढसाढसा रडत होते. मग गाडी कशीबशी चरातनं बाहेर काढली, केतनला पुढच्या सीटवर आडवं केलं, ब्रूनोला घेऊन मी मागं अंकलजवळ बसले. कुत्रं थरथरत होतं, त्याला पोटाशी धरलं, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष. केबिनची मधली काच उघडी होती, आणि हायवेला लागेपर्यंत दादांचं रडणं संपलं, आणि मला ऐकू यायला लागलं. केतन, तू घरी पडलास, बेसमेंटच्या जिन्यावरनं, बरं का. नाहीतर कंपनी बंद होईल रे माझी. तुझं पत्र मी याच महिन्यात देतो. आई शपथ देतो. केतन म्हणाला, हो दादा.

हॉस्पिटलात नर्सनं विचारलं, कसं झालं? केतननं सांगितलं, बेसमेंटच्या जिन्यावरनं पडलो. ती बघत होती, कामाचे बूट, अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट, केसात भुसा. दादा मधेच छान इंग्रजीत म्हणाले, मी याचा फॅमिली फ्रेंड. नर्सनं पुन्हा केतनलाच विचारलं, नक्की? आणि केतननं माझ्याकडं बघितलं. गप्प बस, अशी मान हलवली. मला कळलं ना ते. माझंही पत्र त्याच खिशात होतं, हेही कळत होतं. पण मी बोलले. म्हटलं, हा कामावर होता, ट्रकच्या मागच्या हौद्यात बसवला होता याला, मी पुढं होते, मी बघितलंय. दादा एवढंच म्हणाले, सुरेखा. जसं काही मीच कुणाचा तरी हात मोडला होता.

कामावर लागलं असेल तर इथं डॉक्टरला वर कळवावंच लागतं. सरकारी माणूस आला, टोपण उघडून बघितलं, योगा मॅटचे फोटो काढले, तिघांना वेगवेगळं विचारलं. दादांना दंड झाला. आम्हाला पत्र मिळालं नाही.

मग वहिनींचा फोन. दिवाळीला घरात घेतलं, चकल्या खाऊ घातल्या, त्याचे हे पांग फेडलेस? म्हटलं, चकल्या छान होत्या वहिनी, केतनला आता डाव्या हातानं खाव्या लागतील. मंडळातल्या एका काकांनी समजावलं, आपल्या माणसाचं आपल्यात मिटवायचं, बाळ, बाहेर न्यायचं नाही. मी विचारलं, काका, केतन कुणाचा माणूस? तर म्हणाले, तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. ग्रुपमधनं मला काढलं. मला या लोकांचा राग येतो आणि तो कमी होऊ नये असं मला वाटतं. यांना पूजेला गाडी लागते, फोटोला माणसं लागतात, आणि माणूस मोडला की तो फॅमिली फ्रेंड होतो.

अंकल आता मुलाकडं गेले, दुसऱ्या प्रांतात, सरेला. जाताना म्हणाले, तूने ठीक किया, बेटा. आजूबाजूला कुणी नव्हतं तेव्हा म्हणाले, पण म्हणाले.

मी दुसऱ्या फेन्सवाल्याकडं आहे. पिकअप जुना, चार दारांचा, गंजलेला. फोरमन खडूस आहे, नाव घेऊन हाक सुद्धा मारत नाही, पण सगळ्यांचे बेल्ट लागल्याशिवाय किल्ली फिरवत नाही. मला तेवढं पुरे. पीआरचं मीटर मात्र पुन्हा शून्यापासून. परमिट संपायच्या आत होईल का, माहीत नाही. नाही झालं तर जाईन परत, तोंड काळं करून नाही, सरळ जाईन.

केतनच्या हातात प्लेट घातलीय, बोटं हलतात, मूठ पूर्ण मिटत नाही. भरपाई मिळते त्याला, पण पत्र गेलं ते गेलंच, आणि ते माझ्यामुळं गेलं असं त्याचं म्हणणं आहे. मला ब्लॉक केलंय. परवा इंडियन ग्रोसरीत दिसला, डाव्या हातानं पिठाची पिशवी उचलत होता, पुढं झाले तर म्हणाला, तुला कुणी विचारलं होतं? आणि वळून गेला. बरोबर आहे त्याचं, मला कुणी विचारलं नव्हतं, नर्सनं त्याला विचारलं होतं. पण तरी मी पुन्हा बोलेन, हेही लिहा.

माझ्याशी नाही बोलला तरी चालेल. मला शिव्या देऊ दे, जन्मभर देऊ दे. चांगली नोकरी लागो त्याला, पत्र मिळो, लग्न होवो त्याचं. फक्त केतन, बाबा, जिथं जाशील तिथं आत बस.