सबीहानं दाखवलेलं फोल्डर

(चांदूर बाजार. घराच्या पुढच्या खोलीत ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं एक छोटं दुकान, दुपारची वेळ.)

सबीहा: त्या स्टुलावर नका बसू सर, त्याचा पाय मोडका आहे. खुर्ची घ्या. पेन्शनचा फॉर्म असंन तर तो अकोल्यातबी भरून देतात.

किसनराव: फॉर्म नाही वं पोरी. तुले शोधत आलो. तुझ्या वर्गातल्या मुजम्मिलनं पत्ता देल्ला.

सबीहा: सहा वर्षांनी?

किसनराव: सहा वर्षं लागली मले समजाले. तुझं खरं होतं.

सबीहा: कोणतं?

किसनराव: वेड पांघरून पेडगावले नको जाऊ. त्या पायथन भाषेचं, कॉम्प्युटरच्या! मी दरसाल फळ्यावर दोन खाने आखत होतो. एका खान्यात सी : आधी पुरा प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवा, मंग चालवा. ते कंपाइल्ड. दुसऱ्यात पायथन : एक ओळ वाचा, एक चालवा. ते इंटरप्रिटेड. अन् तू म्हटलं, सर, पायथनबी आधी उतरवून ठेवते.

सबीहा: फोल्डरबी दाखवलं होतं. माझ्या प्रोग्रामच्या बाजूलेच पडलं होतं.

किसनराव: मी म्हटलं, कचरा आहे, उडव. अवं, दर प्रॅक्टिकलच्या आधी बाराही कॉम्प्युटरवरचे ते फोल्डर मी व्हायरस म्हणून उडवाले लावत होतो! पायथननं उतरवून ठेवलेलं त्यातच राहते. मागच्या महिन्यात भाच्यानं उघडून दाखवलं. कुठं तोंड लपवू असं झालं.

सबीहा: माझंबी पुरं खरं नव्हतं. ते उतरवलेलं मशीनच्या भाषेत नसते, मधल्याच एका भाषेत असते. चालवाले पुन्हा दुभाष्या लागते. अर्धं तुमचं, अर्धं माझं. अन् सी भाषाबी कोणी ओळीओळीनं चालवू शकते. भाषेच्या कपाळावर काही लिहिलेलं नसते सर, चालवणारा जसं चालवंन तसं.

किसनराव: अजून शिकून राहिली तू?

सबीहा: गिऱ्हाईक नसलं का वाचते.

किसनराव: मंग कॉलेज काहून सोडलं? एका फोल्डरपायी? त्याचीच माफी मांगाले आलो मी.

सबीहा: फोल्डरची? चूक कोणाचीबी होते. फोल्डर उडव म्हटल्यावर तुमी काय बोलले होते?

किसनराव: आता... आठवत नाही.

सबीहा: दोन बसा बदलून आले सर. आठवते तुमाले.

किसनराव: पाणी दे जरा.

सबीहा: हे घ्या. बोला.

किसनराव: म्हटलं... "घरी उर्दू, बाजारात हिंदी, इथं मराठी. हिच्या डोक्यातच खिचडी, हिले काय समजंन?"

सबीहा: सारा वर्ग हसला. मुजम्मिलबी हसला, तो तर आमच्याच मोहल्ल्यातला. दुसऱ्या दिवसापासून तोंड उघडायच्या आधी मी शब्द निवडाले लागली, तांदळातले खडे निवडतात तसे. उर्दू तर नाही ना निघून राहिली? मंग बोलणंच सोडलं. मंग कॉलेज.

किसनराव: लाज वाटते वं मले. फोल्डरचं सांगणं सोपं होतं, म्हणून तेच धरून आलो. रस्ताभर तेच घोकत होतो.

सबीहा: शिकवता अजून?

किसनराव: मार्चपर्यंत. मंग रिटायर.

सबीहा: मंग मले कशाले सांगता? वर्ग तर तुमच्यापाशी आहे.

किसनराव: उद्याच सांगतो. पायथनचं चुकलं म्हणून.

सबीहा: अन्?

किसनराव: खिचडीचंबी.

सबीहा: तवा मी उभी होती, सर.

किसनराव: हो. मीबी उभा राहूनच सांगीन.

सबीहा: अम्मी, चाय रखो, सर आये हैं! बस साडेपाचची आहे. तवापर्यंत एकडाव बोलून दाखवा मले.

किसनराव: इथं? बरं. "पोरांनो, सहा वर्षांआधी या वर्गात एक मुलगी होती..."

सबीहा: तिले नाव होतं, सर.