पाचव्या माणसाचे डबे

या मायबाप, जरा जवळ सरका. भाजीच्या रांगेत कानी आलेली गोष्ट सांगतो. दोघी बहिणी उभ्या होत्या. वाटाणा स्वस्त झालेला, म्हणून धाकटीनं थोरलीला ओढूनच आणलं होतं.

“ताई, चांगला दहा किलो घे. सोलून गोठवलास की पुढं भाव चढेना का, तुला काय त्याचं.”

“जागा कुठंय गं? रविवारी आठवड्याचं रांधते आणि माणशी डबे भरून ठेवते, त्यानंच फ्रीजर गच्च.”

“चार माणसांचे असे किती डबे होतात?”

“पाच जणांचे भरते.”

“अगं, मामंजींना जाऊन दोन महिने झाले.”

“ठाऊक आहे. पहिल्या रविवारी हाताच्या सवयीनं भरले. पुढच्या रविवारी चौघांचेच भरले, तर सासूबाई फ्रीजर उघडून उभ्या. म्हणाल्या, ‘ह्यांचे राहिले की.’”

“मग?”

“मग काय, भरले.”

“खातं कोण?”

“मीच. ओट्याशी, उभ्यानं. टाकवत नाही.”

“ही कसली गं काटकसर? सांग ना त्यांना सरळ.”

“तूच ये नि सांग. माझ्यात आता तेवढं बळ नाही.”

तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

“किती देऊ, ताई?”

“दोन किलो. आणि कोवळा बघून दे, दादा. आमच्या मामंजींना दात नाहीत.”

धाकटीनं पिशवीचं तोंड उघडून धरलं.

तर मायबाप, आज जेवायला बसताना देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्या बोळक्या म्हाताऱ्याचीही आठवण असू द्या.