सातूचा डबा

तुम्ही हसाल, पण माझी लेक मीरा शाळेच्या रांगेत सगळ्यात पुढे, म्हणजे सगळ्यात बुटकी, या काळजीने माझी झोप उडाली होती. त्यात तिचाही हट्ट, म्हणून जाहिरातीतली ती उंची वाढवणारी पावडर आणली. घरी येऊन डब्यामागची बारीक अक्षरं वाचली, तर घटकांच्या यादीत दुसऱ्याच क्रमांकावर साखर. डब्यावर डॉक्टरचा फोटो दिसला की मला संशय येतो, आणि तरी तो डबा मीच विकत आणते.

शेवटी पावडर काढून टाकली आणि त्याच डब्यात सासूबाईंनी गावाहून, कुहीहून आणलेलं सातूचं पीठ भरलं. रंगापुरता कोको घातला. मीरा दूध मिटक्या मारत प्यायली.

सासूबाई म्हणाल्या, "काहून फसवून राहिली वं पोरीले?"

"कंपनी फसवते तेव्हा कोणी विचारत नाही," मी म्हटलं.

काही दिवस बरे गेले. मग सरकारी आदेश आला म्हणून शाळेत साखरेचा फलक लागला, कशात किती चमचे ते चित्रांसकट. त्यात हुबेहूब आमच्यासारखा डबा. त्या संध्याकाळी मीराने दुधाचा पेला बाजूला सरकवला.

"मॅडमनी सांगितलं, हे प्यायचं नाही."

आता खरं सांगणं भाग होतं. "अगं, यात ती पावडर नाहीच. घरचं सातूचं पीठ आहे, एकदम पौष्टिक. विचार आजीला."

"हो वं बाई, मीच दळलं," सासूबाई म्हणाल्या.

मीराने आम्हा दोघींकडे नीट पाहून घेतलं.

"जाहिरातीतली आई आणि आजीपण असंच म्हणतात."