पंखांवरचे हार

खरं सांगू, परदेशात विमानशास्त्र शिकून वडवणीच्या शाळेत शिकवायला आले, तेव्हा वाटलं होतं, इथे विमानात कुणाला रस नसेल. झालं भलतंच! मुलांनी बनवलेलं रिमोटवरचं छोटं विमान उडवायच्या दिवशी गावाने त्याची पूजा केली आणि प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या, शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष असलेल्या बापूंनी दोन्ही पंखांवर झेंडूचे जाडजूड हार चिकटपट्टीने बसवले.

मी म्हटलं, "बापू, हार काढावे लागतील. हवा पंखाला धरून वाहते, म्हणून विमान तरंगतं. हारांनी पंखाचा आकारच बिघडलाय. हवा पंखापासून सुटली, की विमान धाडकन खाली."

"लई शिकलीस, पोरी. ट्रॅक्टरला हार घातल्यावर त्यो बंद पडतो का?"

"ट्रॅक्टर आभाळातून पडत नाही, बापू. आणि खाली पोरं बसलीत."

"माझ्या हाराला हात तर लावून बघ!"

"मग मी उडवणार नाही."

बापू तरातरा निघून गेले. हेडमास्तर घामाघूम. "मॅडम, उद्या सकाळी माफीनामा द्या. न्हाईतर तुमची नोकरी गेली म्हणून समजा."

सकाळी मी कागदावर एकच ओळ लिहून त्यांच्या टेबलावर ठेवली, "विमान उडवायचं की नाही, हे पाहुणे नाही, उडवणारी ठरवील."