हरिचंदच्या जागी रेडा

न्हाई न्हाई काका, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय मोडेल हाय — परवा त्याच पायानं पोरीच्या मामाचं टकुरं फुटलं! इकडं बसा. मालक गुलाबभाऊ इथं न्हाई, हिंगोलीला दवाखान्यात हाय. हात मोडला. कोनी मोडला म्हंता? हरिचंदच्या मान्सांनी! तुमच्या डोक्याला बी पट्टी दिसून राहिली — गाडीवरून पडले का? बरं, ऱ्हाऊ द्या.

मजा ऐका. आमच्या इंटरनेट कॅफेनं लग्नाच्या स्थळांचं वेबपेज केलं. फोटो ठेवेल दुसऱ्या फुकटच्या साइटवर — ती बंद पडली की नवरदेवाच्या जागी लाल फुली. लोक म्हनायचे, पोरगं मेलं काय रे! म्हून गुलाबभाऊ म्हने, स्क्रिप्ट लाव, फोटो न्हाई आला तर तिथं फूल दाखव. एका ओळीचं काम — फोटोनं एरर दिली की त्याच्या जागी हा दुसरा घाल. पन फूल काहून? जवळा बाजार गावात एक रेडा उभा व्हता, पान खाल्ल्यावानी तोंड करून — म्या टाकला त्याचाच फोटो काढून!

परवा पुसेगावचे पोरीवाले आले, हरिचंदच्या घरचे बी आले, सगळे ह्याच टेबलाभवती. गुलाबभाऊनं क्लिक केलं — फोटोची साइट बंद. नाव हरिचंद, शिक्षन बारावी, रंग गोरा, अन् वर काळाकुट्ट रेडा! मामा म्हने, "ह्याला देऊ का आमची पोरगी?" हरिचंदच्या बापानं त्याचं नरडंच धरलं. मंग काय — कीबोर्ड टकुऱ्यावर, दात फरशीवर, रगत पार दारापोत. म्या आधीपासूनच टेबलाखाली केबल लावून राहिलो व्हतो — तोंड कोनाचंच न्हाई, निसते पाय दिसून राहिले. थांबायचं नावच न्हाई! स्क्रिप्टचं बी तसंच असते बरं का — "एकदा बदलला की बस, पुन्हा नको" हे आधीच लिव्हावं लागते. न्हाईतर दुसरा फोटो बी न्हाई आला की पुन्हा एरर, पुन्हा तोच फोटो, पुन्हा एरर — मशीन गरगरून मरते.

त्यांना वाटलं, गुलाबभाऊनंच केलं. अन् त्या येड्यानं माझं नाव सांगितलंच न्हाई — हात मोडून घेतला, पन तोंड उघडलं न्हाई. म्या खाली हासून राहिलो व्हतो. हासूनच का रडून... काय माहीत.

ऱ्हाऊ द्या. तुमचं काम काय? कोनाचं पेज उघडू? हरिचंदचं?... काका, ही चप्पल — अंगठा सुतळीनं बांधेल — ही म्या पाहेल हाय. टेबलाखालून, गुलाबभाऊच्या हातावर.

शटर काहून वढून राहिले? काका, गुलाबभाऊकडं नका जाऊ पुन्हा, त्याच्याकडं काहीच न्हाई. रेडा टाकनारा म्याच हाय. पन एकदाच हं — एकदा मारलं की बस, पुन्हा—